बाहेरच्या दोघी

"हजेरी अजून शेवंताच घेते का?"

मधल्या सुट्टीत शिपाई मला फाटकापाशी घेऊन गेला, तेव्हा कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या त्या बाईंनी नाव नाही, गाव नाही, थेट हाच प्रश्न केला. बाई उंच होत्या आणि अगदी खंगलेल्या. साडी भारीची, पण ब्लाऊज दंडावर लोंबत होता. गळ्यात तुळशीची माळ होती. मला वाटलं, कुणा विद्यार्थ्याची आजी असेल, पोराच्या गैरहजेरीबद्दल बोलायला आली असेल.

"कोणत्या वर्गाची हजेरी?" मी विचारलं.

"वर्गाची नाही बेटा. मंडळाची."

मग मी जरा नीट उभी राहिले. मंडळ म्हणजे आमचं पदवीधर भगिनी मंडळ, भंडारा शाखा. धर्मांतरानंतर दोनेक वर्षांत आमच्या समाजातल्या पहिल्या शिकलेल्या बायांनी ते काढलं. मोठी शाखा नागपूरला, आमची छोटी. पदवी नसेल तर आत घेत नसत, मग ती कुणाची का लेक असेना. वस्तीतले पुरुष आम्हाला 'डिग्रीवाल्या' म्हणून चिडवायचे आणि आपल्या मुलींना मात्र आमच्याकडेच शिकवणीला पाठवायचे. सभेला पांढरी साडी, निळा काठ. आणि सभा सुरू व्हायची ती हजेरीनं.

ही हजेरी कागदावर नव्हती. ती तोंडपाठ असायची. एकेक नाव, आडनाव आणि पुढं पदवी, घाई न करता, ज्या क्रमानं बाया मंडळात आल्या त्या क्रमानं. जिचं नाव येईल ती 'हजर' म्हणायची. मेलेल्या बाईचं नाव गळत नसे. ते तिच्या जागी घेतलं जायचं आणि तिनं जिवंतपणी नेमून ठेवलेली मैत्रीण तिच्या वतीनं 'हजर' म्हणायची. म्हणून नव्या मुलीला आत घेतानाच विचारत, तुझ्यामागं तुझं हजर कोण म्हणेल? मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. घरात माझ्यासाठी नवरा शोधणं चाललेलं, आणि इथं मला मेल्यानंतरची सोय विचारत होत्या. मला हसू आलं होतं. शेजारी बसलेल्या रंजना मेश्रामचं नाव मी सांगून टाकलं.

आता ती हजेरी मी घेते. नव्या मुली मला विचारतात की पहिल्या दोन नावांना कुणीच उत्तर का देत नाही. मी आजवर टाळत आले. आता हे सांगून टाकते.

"शेवंताबाईच घेतात," मी त्या बाईंना म्हटलं. "पण आपण कोण?"

"अनसूया जनबंधू," त्या म्हणाल्या. आणि क्षणभर थांबून, अगदी आमच्या पद्धतीनं पुढं म्हणाल्या, "बी.ए."

हे नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. आणि मला तर ऐकलेलं असायला हवं होतं, कारण त्या वर्षी शाखेला पंचवीस वर्षं होत होती आणि शाखेचा इतिहास लिहिण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. शेवंताबाईंनी मला संस्थापक बायांची नावं सांगितली होती. चार.

"पाचवी मी," त्या म्हणाल्या. "पाचवी म्हणजे क्रमानं दुसरी. शेवंता पहिली, मी दुसरी. तिच्या नावानंतर लगेच माझं नाव यायचं."

ती जागा मला ठाऊक होती. कारण शेवंताबाई हजेरी घेताना स्वतःचं नाव घेत, स्वतःच हजर म्हणत, आणि मग दुसऱ्या नावाआधी थांबत. दर सभेला, त्याच जागी. त्यांना दमा होता. आम्ही सगळ्या समजत होतो की बाई श्वास घेतात.

"रविवारी तुमचा कार्यक्रम आहे, पेपरात वाचलं," त्या म्हणाल्या. "हजेरी होईल ना? त्यात माझं नाव घ्यायला सांग तिला. एकदाच घे म्हणा. मी मागं बसून ऐकीन."

"तुम्हीच सांगा ना बाई. घर इथून जवळ आहे, मी येते तुमच्यासोबत."

"तिच्या दारात उभी राहायला मला तोंड नाही." त्यांनी पोटावर हात ठेवला. "इथं गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, दिवाळी दिसली तर नशीब. मरायचं काही नाही बेटा. पण माझ्यामागं हजर म्हणायचं तिनं कबूल केलं होतं. आणि तिच्यामागं मी. नावच घेतलं नाही तर ती हजर कशाला म्हणेल? मी कुठंच नव्हती असं होईल ना."

"पण झालं काय होतं?"

"ते तिला विचार. ती सांगेल तेच खरं."

घंटा झाली. मी वर्गाकडे पाहिलं आणि परत वळले तोवर त्या रस्त्याला लागल्या होत्या, एका हातानं साडीच्या निऱ्या उचलून, हळूहळू.

संध्याकाळी मी शेवंताबाईंकडे गेले. शेवंता टेंभुर्णे, बी.ए., बी.टी., मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बुटक्या, काळ्यासावळ्या, आवाज असा की तीन वर्ग पलीकडची पोरं गप्प बसत. लग्न केलं नव्हतं. आम्ही सगळ्या त्यांना टरकून होतो आणि घरी भांडण झालं की त्यांच्याकडेच धावत होतो. त्या पुढच्या खोलीत सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काहून आली? इतिहास लिहून झाला?"

"नाही बाई. आज शाळेत एक बाई आल्या होत्या. अनसूया जनबंधू, बी.ए."

सुपातली बोटं थांबली.

"कोण?"

मी पुन्हा नाव सांगितलं.

"मी ओळखत नाही," शेवंताबाई म्हणाल्या आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

मी चिवट होते. आईच्या भाषेत, गोचीड. मी तिथंच पाटावर बसले आणि सगळं सांगितलं. गाठ, दिवाळी, रविवार. शेवंताबाई ऐकत नसल्यासारखं दाखवत होत्या. पण त्या वेचलेले खडे परत सुपातच टाकत होत्या.

"बाई, त्या म्हणाल्या की काय झालं ते तुम्ही सांगाल तेच खरं."

"असं म्हणाली?" त्यांनी सूप बाजूला सारलं. "पवनीच्या शाळेत आम्ही दोघीच होतो आपल्या. वर्गात बसू देत नव्हते. व्हरांड्यात, दाराबाहेर पोतं टाकून बसायचो. मास्तर आत हजेरी घेत. एकेकाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. सगळे झाले की दाराकडे न पाहता म्हणत, बाहेरच्या दोघी? आणि आम्ही म्हणायचो, हजर. पूर्ण नाव कधी घेतलंच नाही. एक आजारी असली तरी दुसरी हजर म्हणून टाकायची. मास्तर कुठं बाहेर येऊन पाहत होते. अनसूयेला हिवताप आला तेव्हा महिनाभर मी दोघींचं हजर म्हटलं. तिची एक गैरहजेरी लागली नाही."

त्या हसल्या. मी त्यांना अशा हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं.

"मंडळ काढलं तेव्हा तीच म्हणाली, शेवंता, आपण हजेरी घेऊ. पूर्ण नावानं. पदवीसकट. आणि एक नसली तर दुसरी म्हणेल. ही सगळी रीत तिची आहे, माझी नाही. लिही तुझ्या इतिहासात. नाही, नको लिहू."

"मग?"

"मग नवऱ्याची बदली नागपूरला झाली. चांगल्या आळीत घर मिळालं. घर मिळावं म्हणून त्यानं आडनाव लावलं पवनीकर. खोटं काय त्यात, पवनीचेच होते. लोकांना जे समजायचं ते समजले. हे दोघं बोलले नाहीत. घरात देव आले, तुळस आली. आम्हाला इथं काय माहीत. वीस वर्षांमागच्या दसऱ्याला आम्ही चौघी दीक्षाभूमीवर गेलो होतो. येताना म्हटलं, अनसूयेकडे जाऊ, तिला मुलगा झाला, अजून पाहिला नाही. चौघी पांढऱ्या साड्यांत. त्या दिवशी नागपुरात पांढरी साडी म्हणजे कोण, हे लहान पोर सांगेल."

शेवंताबाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या आणि परत येऊन उभ्याच राहिल्या.

"ओट्यावर आळीतल्या बाया बसल्या होत्या. सोनं वाटणं चाललं होतं. अनसूयेच्या हातात आपट्याची पानं होती. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. एवढंच पाहिलं. एक बाई म्हणाली, या कोण हो? अनसूया म्हणाली, कोण जाणे, उन्हातून आल्यात, पाणी मागत असतील. आत गेली, तांब्या घेऊन आली. ओट्यावरून खाली वाकली. मी ओंजळ केली. तिनं वरून पाणी ओतलं."

"आणि तुम्ही?"

"मी प्यायली."

"का प्यायलात बाई? मी तांब्या भिरकावला असता."

"तू भिरकावला असता, आणि तुझं नाव झालं असतं. तिचं काय झालं असतं?" त्यांचा आवाज चढला. "अख्खी आळी पाहून राहिली होती. मी नाही प्यायली असती तर एकीनं विचारलं असतं, ही का रागावली, ओळखीची आहे का. म्हणून पूर्ण तांब्या प्यायली. बाकीच्या तिघी फाटकातूनच परत गेल्या. त्या दिवसापासून ते नाव या मंडळात मी घेतलं नाही, कुणाला घेऊ दिलं नाही."

"म्हणजे रविवारी नाही घेणार?"

"अंधार पडून राहिला. घरी जा."

मी घरी गेले. त्या रात्री मला शेवंताबाईंचा राग आला, अनसूयाबाईंचाही आला, आणि कुणाचा जास्त हे ठरेना. मेलेल्यांची नावं ज्या हजेरीत राहतात तिच्यातून जिवंत बाईला काढून टाकायचं, आणि तेही वीस वर्षं? पण वरून पडणारं ते पाणी डोळ्यांसमोर आलं की माझी मूठ वळायची.

रविवारी आमच्या शाळेचा हॉल भरला होता. नागपूरच्या मोठ्या शाखेतल्या बाया आल्या होत्या. दोन वार्ताहर, कुणी नगरसेवक, नवरे, पोरंबाळं. मी व्यासपीठाच्या पायरीशी बसले होते. कार्यक्रम सुरू व्हायच्या जरा आधी अनसूयाबाई आल्या आणि शेवटच्या रांगेत टोकाला बसल्या. पांढरी साडी, निळा काठ. साडी जुनी होती, घडीवर पिवळी पडलेली. तुळशीची माळ काढली होती. ती साडी त्यांनी वीस वर्षं कुठं लपवली असेल, हाच विचार माझ्या मनात आला. त्यांच्या मागं, हॉलच्या दारात, एक तरुण चौकटीला टेकून उभा होता. कुणाचा तरी भाऊ असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

शेवंताबाई उठल्या. हॉल शांत झाला.

"शेवंता टेंभुर्णे, बी.ए., बी.टी. हजर."

आणि मग तो श्वास.

त्या दिवशी तो संपेना. मी शेवंताबाईंच्या अगदी जवळ होते, म्हणून मला पहिल्यांदा दिसलं की त्यांचे ओठ हलत होते. शेवटच्या रांगेत अनसूयाबाई अर्ध्या उठल्या होत्या. पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, आणि तोंड उघडलेलं होतं, नाव आलं की लगेच उत्तर देता यावं म्हणून. शेवंताबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मग त्यांच्या पलीकडं, दाराकडं पाहिलं.

"मुक्ता रंगारी, एम.ए.," शेवंताबाई म्हणाल्या.

मुक्ताबाई वारल्या होत्या. त्यांच्या वतीनं कुणीतरी हजर म्हटलं. हजेरी पुढं गेली. अनसूयाबाई बसल्या नाहीत. शेवटच्या नावापर्यंत तशाच वाकून उभ्या राहिल्या. माझं नाव आलं, 'खेमा गोंडाणे, बी.ए., बी.एड.', तेव्हा माझ्या तोंडून हजर निघालं ते मलाच ऐकू आलं नाही. टाळ्या सुरू झाल्या तशी मी उठून बाहेर पळाले.

त्या फाटकापर्यंत पोचल्या होत्या. त्या तरुणानं त्यांचा दंड धरला होता.

"बाई," मी हाक मारली.

"बरोबर केलं तिनं," अनसूयाबाई म्हणाल्या. त्या रडत नव्हत्या. "मी तरी काय केलं असतं. तिला सांग, मी रागावली नाही."

तरुण माझ्याकडं पाहत होता. काहीतरी विचारेल असं वाटलं, पण त्यानं रिक्षाला हात केला.

कार्यक्रम संपल्यावर मी शेवंताबाईंना गाठलं. त्या ओळीनं खुर्च्या मोजून घेत होत्या. पहिल्यांदाच मी त्यांच्याशी वरच्या आवाजात बोलले.

"एक नाव घ्यायला काय जात होतं बाई? मरणारी बाई होती ती. इतका राग?"

"दारात कोण उभा होता, पाह्यलं?"

"कोण?"

"नाक पाह्यलं नाही त्याचं? अनसूयेचं नाक आहे. पोरगा आहे तिचा." शेवंताबाई खुर्चीवर बसल्या, छातीत घरघर ऐकू येत होती. "आईच्या मागं मागं आला असेल, कुठं चालली पाहायला. आणि मी त्याच्यासमोर, पेपरवाल्यांसमोर मोठ्यानं म्हणू, अनसूया जनबंधू? उद्या त्याची नोकरी आहे, लग्न आहे. मग मी ते पाणी कशासाठी प्यायली?"

मी शेजारच्या खुर्चीवर बसले.

"राग होता," त्या म्हणाल्या. "नव्हता असं नाही. एक-दोन वर्षं होता. पण नाव तिच्यासाठी झाकलं होतं. इथं घेतलेलं नाव नागपूरला पोचायला किती वेळ? आणि घेतलं नाही असं कोण म्हणतं? दर सभेला घेते मी. मनात घेते, मनात हजर म्हणते. एकदाही गैरहजेरी लागली नाही तिची."

"हे त्यांना माहीत आहे?"

शेवंताबाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की ही गोष्ट त्यांच्या कधी मनातच आली नव्हती हे मला कळलं. त्यांना वाटत होतं की अनसूयेला ते समजलेलं असणारच. लहानपणापासून एकीनं दुसरीचं हजर म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय होतं.

"मी उद्याच नागपूरला जाते आणि सांगते," मी म्हटलं.

"तू नको. ते माझं आहे, मी सांगीन."

आणि मग त्या रोज उद्यावर ढकलत गेल्या. एकदा दमा उसळला. एकदा म्हणाल्या, शनिवारी पोरगा घरी असेल, त्याच्यासमोर कसं बोलायचं. मी दर दोन दिवसांनी विचारायची आणि त्या तांदूळ निवडत असायच्या. शाळेत धाक घालणारी ती बाई एका घरी जायला घाबरत होती, आणि मला त्यांची दया यायची आणि चीडही. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधीच पेपरात कोपऱ्यात आलं, श्रीमती अनसूया पवनीकर यांचे निधन.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंताबाई माझ्या दारात उभ्या होत्या. अंगावर हिरवी साडी. मी पांढरी नेसले होते.

"बदल," त्या म्हणाल्या. "रंगीत नेस. आपण मंडळाच्या म्हणून नाही चाललो."

बसमध्ये त्यांनी सगळं ठरवलं. आपण वाटसरू. फाटकाशी थांबायचं, पाणी मागायचं, घर एकदा पाहायचं आणि निघायचं. कुणी विचारलं तर स्टँडवर चाललो होतो. मी मान हलवली. वाद घालण्याची ती वेळ नव्हती.

घर मात्र त्यांना वीस वर्षांनी न चुकता सापडलं. बैठं घर, पुढं अंगण, दगडी ओटा. मला एक गोष्ट खटकली. मयताच्या घरी दाराबाहेर चपलांचा ढीग असतो. इथं एकही जोड नव्हता. ओटा रिकामा होता. समोरच्या घराची खिडकी आम्ही आलो तशी बंद झाली. तुळशीचं वृंदावन होतं, पण कुणी पाणी घातलेलं नव्हतं.

शेवंताबाईंनी फाटकाची कडी वाजवली. तो तरुण बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

"बाबू, पाणी मिळेल का?" शेवंताबाई म्हणाल्या. "स्टँडवर चाललो होतो."

त्यानं आमच्याकडं पाहिलं. आत गेला आणि तांब्या-पेला घेऊन आला. ओट्याच्या पायऱ्या उतरून अंगणात आला. त्यानं पेला भरून पुढं केला.

शेवंताबाईंनी ओंजळ पुढं केली होती.

ते त्यांनी मुद्दाम केलं की हात आपोआप तसे झाले, मला सांगता येणार नाही. त्या किंचित वाकल्या होत्या आणि दोन्ही तळवे जुळलेले होते.

"मावशी, पेला घ्या," तो म्हणाला.

"नको बाबू. ओत असंच."

"मावशी, मला माहीत आहे तुम्ही कोण ते. शेवंता टेंभुर्णे, बी.ए., बी.टी."

शेवंताबाईंची ओंजळ तशीच राहिली.

"मी श्रीकांत," तो म्हणाला. "आईनं मला उन्हाळ्यातच सगळं सांगितलं, दुखणं कळलं तेव्हा. शाळा, मंडळ, तो दसरा. त्या दिवशी भंडाऱ्याला मीच तिला घेऊन आलो होतो. तिला एकटीला कुठं जमणार होतं. मी दारात थांबलो कारण आत सगळे अनोळखी होते. मला ऐकायचं होतं. आईचं नाव कुणी मोठ्यानं घेतलेलं मी कधी ऐकलंच नव्हतं."

"मग बोलला काहून नाही?" शेवंताबाईंचा आवाज फाटला. "तिथं एक शब्द काहून नाही बोलला?"

"मला काय माहीत, मावशी. मला वाटलं तुम्ही रागावल्या आहात. तिलाही तेच वाटलं."

"ती काही म्हणाली?"

"बसमध्ये नाही. घरी आल्यावर साडी घडी करून उशाशी ठेवली. म्हणाली, शेवंतानं पाहिलं मला, तेवढं झालं. मग जेवण बंद केलं." त्यानं तांब्या ओट्यावर ठेवला. "तीच साडी नेसवून नेली तिला. आळीतल्यांनी विचारलं, ही पांढरी-निळी कशी काय? मी सांगितलं. त्यानंतर कुणी आलं नाही. बाबा आधीच गेलेले; खांद्याला ऑफिसमधले तिघं होते आणि मी."

म्हणून ओटा रिकामा होता. शेवंताबाईंनी तो ओटा पाहिला, बंद खिडकी पाहिली. वीस वर्षं त्यांनी जे झाकून ठेवलं होतं ते झाकायची गरज त्या हॉलमध्ये उरलीच नव्हती, कारण ज्या मुलासाठी झाकायचं त्याला सगळं आधीच कळलेलं होतं. अनसूयाबाई आणि श्रीकांत, दोघांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त शेवंताबाईंना.

"आता घ्याल?" श्रीकांत म्हणाला. "एकदा. मला कसं असतं ते माहीत नाही, पण मी ऐकतो."

शेवंताबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. अंगणात सरळ उभ्या राहिल्या, हॉलमध्ये राहायच्या तशा.

"शेवंता टेंभुर्णे," त्या म्हणाल्या. "बी.ए., बी.टी. हजर."

आणि त्या थांबल्या. ओठ हलले. मी ओठांवरून नाव वाचू शकत होते, अ-न-सू-या, पण आवाज नव्हता. त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा सुरुवात केली. स्वतःचं नाव, हजर, आणि पुन्हा ओठ हलले. वीस वर्षं ते नाव त्या जागी मुक्यानं घेतलं होतं. आता त्या जागी त्यांचा आवाजच लागत नव्हता.

"येत नाही रे," त्या श्रीकांतला म्हणाल्या. "नाही येऊन राहिलं."

मी म्हटलं, "मी घेऊ का बाई?"

त्यांनी हातानं मला थांबवलं. त्यांनी घरघरत ओट्याकडं पाहिलं. मग मान दुसरीकडं वळवून, कुणाकडंही न पाहता, एका कंटाळलेल्या मास्तराच्या कोरड्या आवाजात त्या म्हणाल्या,

"बाहेरच्या दोघी?"

आणि स्वतःच, बारीक पोरीच्या आवाजात, उत्तर दिलं.

"हजर."